उजनीचे पाणी हिरवे का होते?

मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांपैकी तानसाभोवती अभयारण्याचे जंगल आहे, आणि जंगल माती धरून ठेवते. सोलापूर शहर बरेचसे पाणी घेते ते भीमेवरच्या उजनी धरणातून. तिथे काठापर्यंत उसाचे फड आहेत. भोईवाड्यातून सुट्टीत त्या भागात गावी गेलेली आमची मुले परत येऊन विचारतात, "पाणी हिरवे का दिसते?"

उसाला युरिया आणि फॉस्फरसयुक्त खते पडतात. पिकाला जेवढी लागतात तेवढी ते घेते. उरलेला नत्र पाण्यात विरघळून निघून जातो. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटतो. पहिल्या जोरदार पावसात उघड्या शेतातली माती ओढ्यात येते आणि ओढा ती धरणात आणून टाकतो. म्हणजे गाळ एकटा येत नाही, खत सोबत घेऊन येतो. त्याने धरणाची साठवणही घटते.

संथ पाण्यात या खतावर शेवाळ आणि जलपर्णी फोफावतात. शेवाळ मरून कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. काही निळ्या-हिरव्या शेवाळांचे विष पाणी उकळूनही जात नाही.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीतच येते. पण भोगतो कोण? जाळे टाकणारा मच्छीमार आणि विकतचे पाणी न परवडणारी वस्ती.

उपाय अवघड नाहीत. माती तपासून खत द्यावे, तेही एकदम न देता हप्त्यांनी. पाटपाण्याऐवजी ठिबक वापरावे. बांध नीट राखावेत. ओढ्याच्या दोन्ही काठांना गवताचा पट्टा सोडावा. शहरांनी सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा, ही त्यांची भूमिका होती. उजनीचा प्रश्नही तसाच पाहावा लागेल.

२० मार्च १९२७ रोजी महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. ओंजळीतले पाणी पिण्याजोगे असणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. गावी गेलात की ग्रामसभेत एवढे जरूर विचारा: आपल्या ओढ्याच्या काठाला गवत आहे का?