कोणते भांडे टिकेल?

पंपाने द्रव ओढताना तो पंपात शिरू नये म्हणून मध्ये एक बंद भांडे जोडतात. हे भांडे घरी करायचे तर कोणते घ्याल? पत्र्याचा चौकोनी डबा? थांबा! आतली सगळी हवा काढली, तर बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोग्रॅम भार टाकते. 20 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या एकाच बाजूवर 400 किलोग्रॅम! सतराव्या शतकात जर्मनीत ऑटो फॉन गेरिके यांचा तांब्याचा गोळा असाच चेपला. पुढे अधिक काटेकोरपणे घडवलेला गोळा मात्र टिकला. म्हणून जाड धातूचे गोल भांडे निवडा. काचेची साधी बरणी नको. फुटली तर तुकडे उडतील. आता सांगा पाहू, आतून बसणारे कुकरचे झाकण येथे का चालणार नाही?