सर्किट बोर्डाची आखणी : महागडे साधन थोड्या दिवसांसाठी कसे मिळवावे

आपल्या न्यासाच्या सभासदांपैकी कित्येकांचे वाडवडील पेडणे आणि डिचोली महालांतून मुरगाव बंदरात व गोदीत कामाला आले. हाताला हत्यार असले म्हणजे माणूस उपाशी राहत नाही, ही त्या पिढीची शिकवण. आज त्यांचीच नातवंडे इंजिनियरिंग आणि पॉलिटेक्निकच्या वर्गांत बसतात. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याचे हत्यार मात्र संगणकातले सॉफ्टवेअर असते, आणि त्याचे वर्षाचे भाडे लाखांच्या घरात जाऊ शकते. ते मुलांनी सचोटीने कसे मिळवावे, याविषयी चार गोष्टी सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम सर्किट बोर्ड म्हणजे काय ते पाहू. रेडिओ किंवा मोबाइल उघडला की आत हिरवी पाटी दिसते व तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषा असतात. पूर्वी जे काम तारा जोडून होई, ते या रेषा करतात. पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने 1936 च्या सुमारास लंडनमध्ये अशा पाटीवर रेडिओ बनवला. पुढे कित्येक वर्षे या रेषा पारदर्शक पटावर काळी चिकटपट्टी लावून हातांनी आखीत. आता सॉफ्टवेअरमध्ये आधी जोडणीचा नकाशा काढतात, मग पाटीवर भाग मांडून रेषा ओढतात, आणि दोन रेषा फार जवळ आल्यास सॉफ्टवेअरच चूक दाखवते. आपल्या शेजारी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत अशा पाट्यांवर भाग बसवण्याचे काम चालते. पेडण्यात तुये येथेही इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी वसाहत आखलेली आहे. म्हणून ही विद्या घराजवळच उपयोगी पडण्याजोगी आहे.

या क्षेत्रात अल्टियम आणि ऑरकॅड ही नावे प्रसिद्ध आहेत. पैकी अल्टियमचा उगम 1985 साली ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ‘प्रोटेल’ या नावाने झाला. अशा कंपन्यांची दोन दारे विद्यार्थ्याला उघडी असतात. पहिले विद्यार्थी परवान्याचे. त्यासाठी कॉलेजचा ई-मेल किंवा ओळखपत्र लागते. म्हणून आधी आपल्या प्राध्यापकांना विचारावे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवाना असेल, तर प्रश्नच मिटला. दुसरे दार ट्रायलचे, म्हणजे काही दिवस विनामूल्य वापरून पाहण्याचे. अर्ज करताना नाव, संस्था आणि हेतू खरा लिहावा. कंपनीचा विक्रेता फोन करील, त्याला आपण विद्यार्थी आहोत हे सरळ सांगावे. ट्रायल पारखून पाहण्यासाठी असते. तिच्यावर गिऱ्हाइकाचे काम करून पैसे घेणे बहुतेक करारांना मंजूर नसते.

ट्रायलचे दिवस मोजके असतात, आणि बहुतेकांचे इथेच नुकसान होते. आपल्या गावांतून जत्रेचे नाटक होते तेव्हा ड्रेपरी एका रात्रीपुरती भाड्याने आणतात. पण नक्कल आधीच पाठ झालेली असते. ड्रेपरी आल्यावर कोणी नक्कल पाठ करायला बसत नाही. तसेच इथे करावे. नकाशा कागदावर तयार ठेवावा, भागांची यादी व मापे जमवावी, शिकवणीचे धडे आधी पाहावे, परीक्षा संपू द्यावी. मगच ट्रायल सुरू करावी.

मुदत संपण्यापूर्वी आपले काम बाहेर काढून ठेवणे तितकेच महत्त्वाचे. मूळ फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडते; मुदत संपली की ती कुलूपबंद पेटीसारखी होते. यासाठी प्रत्येक थराच्या ‘गर्बर’ फाइली, भोके पाडण्याची फाइल, भागांची यादी आणि नकाशाची पीडीएफ प्रत वेगळी साठवावी. गर्बर फाइल जवळपास कोणताही बोर्ड कारखाना स्वीकारतो. ती हाती असेल तर पाटी केव्हाही बनवून घेता येते.

काही मुले चोरून फोडलेली प्रत वापरतात आणि पालकांना त्याचा पत्ताही नसतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद माफ करून केवळ दंड करू शकते. शिवाय अशा प्रतीबरोबर संगणकात विषाणू शिरण्याची भीती असते ती वेगळीच.

ट्रायल न मिळाली तरी हिरमुसले होण्याचे कारण नाही. ‘कायकॅड’ हे सॉफ्टवेअर 1992 साली फ्रान्समधील जाँ-पियर शारा यांनी सुरू केले; पुढे युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेनेही त्याच्या वाढीला हातभार लावला. ते कायमचे मोफत आहे, आणि त्याच्या 2021 च्या सहाव्या आवृत्तीपासून अल्टियमच्या फाइलीही त्यात आणता येतात. मुंबईच्या आयआयटीने ‘ई-सिम’ हे असेच मोफत साधन तयार केले आहे. हात यांवर बसवावा, आणि नोकरीच्या जागी लागणारे महागडे साधन ट्रायलमध्ये ओळखीचे करून घ्यावे, हा क्रम उत्तम.

न्यास वह्या-पुस्तके आणि शिष्यवृत्त्या देतो, त्याच्या जोडीला वाचनालयात कायकॅड घातलेला एक बरा संगणक ठेवता आला, तर ज्या घरी संगणक नाही त्या मुलाची नक्कलही वेळेवर पाठ होईल. सभासदांनी या सूचनेचा अवश्य विचार करावा.