मोटारींच्या पुढील दिव्यांच्या आवरणांची झीज : पुनरुज्जीवन आणि संरक्षण

प्रस्तावना :

मोटारीच्या पुढील दिव्यावरील पारदर्शक आवरणास व्यवहारात ‘काच’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या गोल दिव्यांबाबत हा शब्द यथार्थ होता. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक मोटारींच्या दिव्यांवर मात्र काच नसून पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक असते. पदार्थ बदलला, पण जुने नाव टिकून राहिले आणि त्या नावाबरोबर ‘पुसले की स्वच्छ होते’ ही समजूतही टिकून राहिली. काही वर्षांत पिवळसर, धुरकट होणाऱ्या दिव्यांवर केले जाणारे बहुतेक उपाय याच समजुतीवर आधारलेले असल्याने ते अल्पजीवी ठरतात. प्रस्तुत लेखात या झीजेची कारणमीमांसा व उपाययोजना यांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) आवरण धूसर होण्यामागील प्रक्रिया स्पष्ट करणे.
२) धूसरतेचा रात्रीच्या वाहतुकीवरील परिणाम मांडणे.
३) पुनरुज्जीवनाची योग्य पद्धती व संरक्षणाचे महत्त्व विशद करणे.

काचेकडून प्लॅस्टिककडे :

पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ साली जर्मनीतील बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे लावला. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक आकाराचे बंदिस्त काचेचे दिवे वापरणे बंधनकारक होते. १९८३ मध्ये हा नियम शिथिल झाला आणि १९८४ च्या लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क ७ या गाडीपासून तेथे नव्या प्रकारचे दिवे आले. वजनाने हलके, आघात सहन करणारे आणि हव्या त्या आकारात घडवता येणारे हे प्लॅस्टिक उत्पादकांना सोयीचे ठरले. मात्र काचेच्या तुलनेत त्याचे दोन दोष आहेत. त्यावर सहज ओरखडे पडतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपुढे ते टिकत नाही.

झीजेची कारणे :

या दोषांवर उपाय म्हणून कारखान्यातच आवरणावर कठीण, पारदर्शक लेप दिला जातो. केसाहूनही पातळ असलेल्या या लेपात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये असतात. ऊन, पाऊस, धूळ आणि खडीचे कण यांमुळे लेप हळूहळू विरतो, तडकतो व सुटू लागतो. त्यानंतर अतिनील किरण थेट पॉलिकार्बोनेटच्या रेणूसाखळ्यांवर आघात करतात. साखळ्या तुटतात, हवेतील ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होतो आणि पिवळसर संयुगे तयार होतात. पृष्ठभागावर सूक्ष्म भेगाही पडतात. म्हणजेच पिवळेपणा हा वरून बसलेला मळ नसून तो पदार्थाच्या पृष्ठभागातच घडलेला रासायनिक बदल आहे. तो पुसून जात नाही. तो थर खरवडूनच काढावा लागतो.

परिणाम :

धूसर आवरणाचा परिणाम दुहेरी असतो. एकीकडे रस्त्यावर पडणारा प्रकाश घटतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या सुमारे २० टक्के इतकाच प्रकाश मिळत असल्याचे आढळले. दुसरीकडे, उरलेला प्रकाश खडबडीत पृष्ठभागामुळे विखुरतो व समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपवतो. अंधुक झालेला दिवा निदान इतरांना त्रास देत नाही, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. अशा वेळी अधिक वॅटचा बल्ब बसविल्यास विखुरलेला प्रकाशही वाढतो, म्हणजे दोष कायम राहून उपद्रव मात्र वाढतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार १५५ मीटर अंतरावरील व्यक्ती व वाहने स्पष्ट दिसण्याइतका प्रकाश नसेल, तेव्हा वाहनाचे दिवे लावलेले असणे आवश्यक आहे. झीज अत्यंत संथ गतीने होत असल्याने चालकाची नजर तिला सरावते. घाटरस्त्यावर किंवा पावसाळी रात्री एखादा पादचारी उशिरा दिसेपर्यंत ही उणीव त्याच्या लक्षातही येत नाही.

पुनरुज्जीवनाची पद्धती :

प्रथम दोष बाहेरच्या बाजूस आहे याची खात्री करावी. आवरणावर पाणी टाकल्यास ते क्षणभर स्वच्छ दिसले, तर झीज पृष्ठभागावर आहे असे समजावे. कारण पाणी सूक्ष्म खळगे भरून काढते. आत साचलेले बाष्प, खोलवर गेलेल्या भेगा किंवा निस्तेज झालेला परावर्तक यांवर घासण्याचा उपयोग होत नाही.

दिवा धुऊन भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. त्यानंतर पाण्याचा वापर करीत ८०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने, पुढे क्रमशः १०००, २००० व ३००० क्रमांकांच्या पेपरने घासावे. प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्णपणे नाहीसे होणे आवश्यक असते. शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणली जाते. वरील चाचणीत अशा पुनरुज्जीवनानंतर प्रकाश मूळच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचे दिसून आले.

टूथपेस्ट हे सौम्य घर्षणद्रव्य असल्याने तिचा परिणाम वरवरचा असतो. रॉकेल किंवा तेलाचा हात फिरविल्यास पाण्याप्रमाणेच केवळ खळगे भरतात. थिनर, पेट्रोल व अ‍ॅसिटोन यांमुळे पॉलिकार्बोनेटला तडे जाऊ शकतात. म्हणून ते कटाक्षाने टाळावेत.

संरक्षण :

घासताना पिवळ्या थराबरोबर मूळ लेपाचा उरलासुरला अंशही निघून जातो. त्यामुळे नुकताच चकचकीत केलेला दिवा वस्तुतः सर्वाधिक असुरक्षित असतो आणि उघडा ठेवल्यास काही महिन्यांतच पुन्हा पिवळा पडू लागतो. यासाठी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर अतिनील-रोधक पारदर्शक लेप देणे अनिवार्य आहे. मेणाचे संरक्षण काही आठवडेच टिकते. दोन घटक मिसळून तयार होणारा पॉलियुरेथेन लेप दीर्घकाळ टिकतो. त्यातील आयसोसायनेट श्वसनास अपायकारक असल्याने हे काम योग्य मुखपट लावून, मोकळ्या हवेत किंवा कुशल कारागिराकडूनच व्हावे. गाडी सावलीत किंवा दिव्यांवर थेट ऊन येणार नाही अशा रीतीने उभी करणे आणि कोरड्या फडक्याने धूळ न पुसणे या साध्या सवयींमुळेही लेपाचे आयुष्य वाढते.

समारोप :

दिवा पारदर्शक करणे आणि तो पारदर्शक राखणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीचा परिणाम तत्काळ दिसतो, म्हणून ग्राहक तिचेच मोल देतो. दुसरी दिसत नाही, म्हणून ती वगळली जाते. परंतु लेपाविना केलेले प्रत्येक पुनरुज्जीवन पुढील झीजेस वाट मोकळी करून देते. दिव्यावरील आवरण काच नाही, एवढे लक्षात घेतले तरी त्याच्या देखभालीची दिशा बदलू शकेल आणि रात्रीच्या रस्त्यावर चालणाऱ्या व चालविणाऱ्या दोघांनाही त्याचा लाभ होईल.