अश्वारोहणातील उडीची बैठक

अश्वारोहणातील उडीची बैठक : घोडा अडथळ्यावरून उडी घेत असताना स्वाराने खोगिरावर धारण करावयाची शरीरस्थिती. तीत पाय, मांड, कंबर, धड, हात व दृष्टी या सर्वांचा समावेश होतो. तिचे उद्दिष्ट दुहेरी असते : स्वाराने लगामाचा आधार न घेता स्वतःचा तोल सांभाळणे आणि घोड्याची पाठ, मान व तोंड यांना उडीसाठी आवश्यक ती मोकळीक देणे. मुरलेल्या घोड्यावर स्वाराची लहानसहान चूक खपून जाते. उडीचे शिक्षण नुकतेच सुरू झालेल्या तरुण घोड्याच्या बाबतीत मात्र तीच चूक त्याच्या शिक्षणाचा भाग बनते. ऐन उडीत तोंडाला हिसका बसला, तर घोडा त्या वेदनेचा संबंध स्वाराच्या हाताशी न जोडता अडथळ्याशी जोडतो व पुढील वेळी अडतो. म्हणून कच्च्या घोड्याची उडी सुधारण्याचा पहिला उपाय स्वाराची बैठक सुधारणे, हाच होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : घोड्यास शिक्षण देण्याची विद्या भारतात प्राचीन आहे. शालिहोत्राच्या नावाने प्रसिद्ध असलेली अश्वशास्त्राची परंपरा आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या मानसोल्लास  या बाराव्या शतकातील ग्रंथामधील वाजिवाह्यालीविनोद हे प्रकरण यांची या संदर्भात गणना करता येईल. मध्ययुगात दख्खनमधील राज्यांना उत्तम घोडे समुद्रमार्गे मिळत. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे या व्यापाराचे एक प्रमुख बंदर होते. पंधराव्या शतकात दख्खनमध्ये आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन याने ईजिप्त, अरबस्तान, खोरासान इ. प्रदेशांतून दाभोळास घोडे येत असल्याचे नमूद केले आहे. तेथून ते खुष्कीच्या मार्गाने घाटावर बीदर, गुलबर्गा या नगरांकडे जात. अशा रीतीने घोडे कोकणात उतरले, तरी त्यांचा वापर व शिक्षण मुख्यतः देशावरच झाले. मराठ्यांच्या लष्करात घोडदळाला मोठे महत्त्व होते. घोड्याला चाल व वळणे शिकविणाऱ्या जाणकारास ‘चाबुकस्वार’ म्हणत. घोडा वर्तुळात फिरविण्याला ‘कावा’ ही संज्ञा होती. आजही तरुण घोड्याच्या शिक्षणाचा प्रारंभ लांब दोरीवरील अशाच वर्तुळाकार फेऱ्यांनी होतो.

उडीच्या आधुनिक बैठकीचे श्रेय इटलीच्या घोडदळातील अधिकारी फेदेरीको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यास दिले जाते. त्याच्यापूर्वी स्वार लांब रिकिबी ठेवून उडीच्या वेळी मागे रेलत असे. त्यामुळे घोडा मागच्या पायांवर उतरतो व त्याचे पुढचे पाय सुरक्षित राहतात, अशी समजूत होती. स्वाराविना उडी घेणाऱ्या घोड्यांचे निरीक्षण केल्यावर काप्रिल्लीला असे दिसून आले, की घोडा मान पुढे व खाली ताणून उडी घेतो आणि नेहमी पुढच्या पायांवरच उतरतो. तेव्हा घोड्याला स्वाराशी जुळवून घ्यावयास लावण्याऐवजी स्वारानेच घोड्याच्या नैसर्गिक हालचालीशी जुळवून घ्यावे, हे तत्त्व त्याने मांडले. आखूड रिकिबी, पुढे झुकलेले धड व मोकळा लगाम ही त्याच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होत. पीनेरोलो व तोर दी क्वींतो येथील इटालियन लष्करी शाळांतून ती अन्य देशांत पसरली.

भारतात ही पद्धत मुख्यतः लष्करी अश्वारोहणातून रुजली. महाराष्ट्रात पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना अश्वारोहणाचे शिक्षण दिले जाते. मुंबईत महालक्ष्मी येथे अमॅच्युअर रायडर्स क्लब ही संस्था आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत अश्वारोहणाचा प्रथमच समावेश झाला आणि भारताच्या रघुबीरसिंग यांनी त्रिविध अश्वारोहण प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. याच प्रकारात फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या जाकार्ता येथील स्पर्धांत रौप्यपदक मिळविले व २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. या प्रकारात अडथळ्यांवरील उड्यांचा मोठा भाग असतो.

उडीचे टप्पे : उडीचे सामान्यतः पाच टप्पे मानतात : जवळ येणे, उसळी, तरंगणे, उतरणे व पुन्हा चाल धरणे. उभ्या घोड्याचा सु. ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उसळीच्या क्षणी पुढचे पाय शरीराचा अग्रभाग वर लोटतात, मागचे पाय पोटाखाली येतात व सर्व शरीर पुढे आणि वर फेकतात. तरंगताना मान पुढे ताणली जाते व पाठ किंचित कमानदार होते. उतरताना मान वर उचलली जाते व प्रथम एक पुढचा पाय जमिनीला टेकतो. घोड्याच्या डोळ्यांच्या ठेवणीमुळे अडथळ्याच्या अगदी जवळ आल्यावर त्याचा काही भाग त्याला दिसेनासा होतो. म्हणून जवळ येताना डोके वरखाली करून अंतर अजमावण्याची मोकळीक त्याला हवी असते. मान हेच घोड्याचे तोल सांभाळण्याचे मुख्य साधन असल्याने या सर्व टप्प्यांत स्वाराचा हात मानेच्या आड येता कामा नये.

तरुण घोड्याची वैशिष्ट्ये : घोड्याच्या अस्थींची वाढ एकाच वेळी पुरी होत नाही. पायांच्या खालच्या भागातील हाडे लवकर पक्की होतात, तर पाठीचा कणा पाचव्या वर्षानंतरही पूर्ण पक्का होत असतो. म्हणून स्वारासह उड्यांचे शिक्षण सामान्यतः चौथ्या वर्षापूर्वी सुरू करीत नाहीत व सुरुवातीची काही वर्षे अडथळे ठेंगणेच ठेवतात. मुंबई व पुणे येथील अश्वारोहण केंद्रांत शर्यतीतून निवृत्त झालेले घोडेही उडीसाठी तयार केले जातात. ते वयाने व दमसासाने तयार असले, तरी उडीच्या दृष्टीने कच्चेच असतात. लगामावर भार टाकून सरळ धावण्याची त्यांना सवय असल्याने अडथळा दिसताच ते वेग वाढवितात.

कच्च्या घोड्याच्या उडीचे मुख्य लक्षण म्हणजे तिची अनिश्चितता. तो कधी फार दुरून उसळी घेतो, कधी अडथळ्याला चिकटून जवळजवळ उभाच उडतो, कधी क्षणभर थबकून एकदम झेपावतो, तर कधी गरजेपेक्षा दुप्पट उंच उडतो. त्यामुळे उसळीचा क्षण हेरून त्याआधीच पुढे झुकणारा स्वार हमखास फसतो. घोड्याने स्वतःहून उसळी घ्यावी व तिच्या जोराने स्वाराची कंबर आपोआप मिटावी, हा क्रम येथे महत्त्वाचा असतो.

बैठकीची अंगे : (१) पाय : बैठकीचा पाया गुडघ्याखालचा पाय हा होय. तो तंगाजवळ उभा व स्थिर असावा. रिकीब चवड्याखाली असावी आणि शरीराचा भार घोट्यातून टाचेत उतरावा. उडीसाठी रिकिबी नेहमीपेक्षा दोन ते चार छिद्रे आखूड करतात. मांड पक्की असावी, परंतु केवळ गुडघ्यांनी खोगीर आवळू नये. तसे केल्यास गुडघा बिजागरीसारखा काम करतो, खालचा पाय मागे सरकतो व स्वार पुढे कलंडतो. (२) कंबर व धड : पुढे झुकणे कंबरेतून व्हावे, पाठ वाकवून नव्हे. बूड खोगिरापासून किंचित सुटते आणि मागे सरकते. छाती घोड्याच्या मानेवर आदळण्याइतके पुढे जाऊ नये. तरुण घोड्यावर हे झुकणे मुरलेल्या घोड्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे तो ऐनवेळी अडल्यास स्वार त्याच्या मानेवर फेकला जात नाही. (३) हात : कोपर सैल असून कोपर, मनगट व कडियाळे एका रेषेत असावीत. घोडा मान ताणील तसे हात त्याच्या तोंडामागे जावेत. ही सहजता अंगी येईपर्यंत हात आयाळीवर टेकवून लगाम सैल सोडणे, किंवा मानेभोवती बांधलेला चामडी गळपट्टा एका बोटाने धरणे हितावह असते. गळपट्टा धरण्यात कमीपणा मानू नये. त्यामुळे घोड्याचे तोंड वाचते. (४) दृष्टी : नजर अडथळ्यापलीकडील एखाद्या स्थिर खुणेवर असावी. खाली पाहिल्यास डोके व खांदे पुढे येतात आणि तोल ढळतो.

सामान्य दोष : दोषांचे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिला, मागे राहणे : घोडा अनपेक्षित उसळी घेतो, स्वाराचे धड मागे पडते, तोल सावरण्यासाठी तो लगाम ओढतो व शेवटी खोगिरावर धपकन बसतो. अशा वेळी घोड्याचे तोंड व पाठ दोन्ही दुखावतात. तो पाठ ताठ करून व मान वर काढून उडू लागतो. दुसरा, पुढे पळणे : स्वार घोड्याआधी पुढे झेपावतो, त्याचा भार घोड्याच्या खांद्यांवर पडतो आणि नेमक्या उचलावयाच्या वेळी घोड्याचे पुढचे पाय जड होतात. घोडा दांडा पाडतो, अडतो किंवा अडथळ्याला बगल देतो. तरुण घोड्याच्या संदर्भात तोंडाला हिसका न बसता किंचित मागे राहणे हा त्यातल्या त्यात सौम्य दोष समजतात. त्यासाठी मागे राहिलेल्या स्वाराला बोटांतून लगाम सरकू देता आला पाहिजे. अडलेल्या घोड्यास चाबूक मारण्यापूर्वी बैठक तपासावी, कारण पुष्कळदा अडण्याचे मूळ स्वारातच सापडते.

सुधारणेचा क्रम : बैठकीचे धडे कच्च्या घोड्यावर गिरवू नयेत. ते प्रथम शांत व अनुभवी घोड्यावर पक्के करावेत. शिक्षक घोडा काव्यावर फिरवीत असता स्वाराने लगामाविना व पुढे रिकिबींविना दुडकी चाल साधावी. यामुळे तोल व लगाम यांची फारकत होते. त्यानंतर रिकिबींवर उभे राहून, बूड उचलून, चाल बदलली तरी स्थिती न बदलण्याचा सराव करावा. आयाळीला हात न लावता काही मिनिटे असे राहता आले, म्हणजे खालचा पाय स्थिर झाला असे समजावे.

तरुण घोड्यावर पहिला टप्पा जमिनीवरील दांड्यांचा असतो. मोठ्या चणीच्या घोड्यासाठी दुडकीत दोन दांड्यांमधील अंतर सु. १.२५ ते १.४० मी. ठेवतात. भीमथडीसारख्या लहान चणीच्या देशी घोड्यांसाठी ते घोड्याच्या पावलाप्रमाणे कमी करतात. पुढील टप्प्यात ४० ते ६० सेंमी. उंचीचा फुलीच्या आकाराचा अडथळा मांडून त्याच्या अलीकडे सु. २.५ ते २.७५ मी. अंतरावर एक दांडा ठेवतात. फुलीचा आकार घोड्याला मध्यभागी आणतो आणि अलीकडचा दांडा उसळीची जागा ठरवितो. यामुळे अनिश्चितता कमी होते व स्वाराला आपल्या शरीराकडे लक्ष देता येते. ही उडी संथ झाल्यावर पलीकडे सु. ५.५ मी. अंतरावर दुसरा ठेंगणा अडथळा मांडतात. अशा माळेत घोडा आपली पावले स्वतः मोजावयास शिकतो. स्वाराने केवळ सरळ दिशा व एकसारखी गती राखावयाची असते. एका वेळी उंची, अंतर किंवा अडथळ्याचे रूप यांपैकी एकच गोष्ट बदलावी. आठवड्यातून एकदोन दिवस, थोड्याच उड्या व चांगल्या उडीवर शेवट हा नियम पाळावा.

भूमी व हवामान : देशावरील मातीच्या मैदानांच्या तुलनेत रत्नागिरीसारख्या किनारी जिल्ह्यात उडीच्या शिक्षणाला जमिनीची अडचण असते. जांभ्याचे सडे कठीण असून उतरणाऱ्या घोड्याच्या खुरांना व सांध्यांना त्यांचा धक्का बसतो. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पावसात उघडे मैदान निसरडे होते. भाट्ये, गणपतीपुळे यांसारख्या पुळणींवर ओल्या वाळूत संथ चाल व दुडकी उपयुक्त ठरते. परंतु कोरड्या भुसभुशीत वाळूत उड्या घेतल्यास स्नायुबंधांवर ताण येतो व भरतीरेषेजवळची घट्ट वाळू कठीण जमिनीइतकाच धक्का देते. अशा ठिकाणी पाण्याचा निचरा होणारे, माती व वाळूच्या समतल थराचे लहान आवार तयार करणे श्रेयस्कर असते. ते नसल्यास उड्या टाळून बैठकीचे सपाटीवरील व्यायाम चालू ठेवता येतात. घसरड्या जमिनीवर एकदा पाय निसटलेला तरुण घोडा पुढे चांगल्या जमिनीवरही कचरतो, त्यामुळे या बाबीचा संबंध केवळ दुखापतीशी नसून घोड्याच्या विश्वासाशीही आहे.

सुरक्षितता : उडीच्या सरावात हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण, टाचेचे बूट व शक्य तर छातीचे संरक्षक कवच वापरावे. तंग व रिकिबींचे पट्टे दर वेळी तपासावेत. एकट्याने सराव करू नये. जमिनीवर उभ्या असलेल्या जाणकाराला स्वाराचे जे दोष दिसतात, ते स्वाराला स्वतःला सहसा जाणवत नाहीत. बैठक सुधारल्याची खूणही घोड्यावरच दिसते : तो कान पुढे करून, गती न बदलता अडथळ्याकडे येतो, मान ताणून उडतो व उतरल्यावर न उधळता तीच चाल पुढे चालू ठेवतो.