साहाय्यक गिअरतेल शीतक
ओल्ड्समोबीलच्या १९४० च्या नमुन्यापासून प्रचारात आलेल्या स्वयंचलित गिअरपेटीचे तेल थंड राखणारे जादा उपकरण. अँबॅसडरसारख्या हस्तचलित गिअरांच्या गाड्यांना त्याची गरज नसते. स्वयंचलित पेटीत द्रवाच्या घुसळणीने उष्णता निर्माण होते व ती बहुधा रेडिएटरमधील पाण्यात सोडली जाते. मात्र नागपूरजवळील वाडीच्या परिसरात मे महिन्यात हवा ४५° से.च्या आसपास तापते. तेथील मंद रहदारीत रेडिएटरच तापलेला राहतो. मग तेल करपते, रबरी सील कडक होतात व क्लचच्या तबकड्या जळतात. म्हणून पंखयुक्त नळ्यांचा शीतक रेडिएटरपुढे हवेच्या झोतात बसवून परतीच्या नळीत जोडतात. रेडिएटरआधी जोडल्यास निवलेले तेल पुन्हा तापते. नळी तेलरोधीच हवी. जुन्या गाडीचे मोल तिच्या मूळ स्वरूपात असल्याने सांगाड्याला भोके न पाडता शीतक पट्ट्यांनी आवळणे इष्ट होय. जोडणीनंतर इंजिन चालू ठेवून तेलाची पातळी पुन्हा पाहतात.