चाकांवरच्या घरातील मांजर

वाहन

निवासाची पूर्ण सोय असलेल्या वाहनाला उत्तर अमेरिकेत आरव्ही म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन असेल तर ते मोटरहोम, पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचे असेल तर ट्रेलर. बिछाना, ओटा, शौचालय, पाण्याच्या व सांडपाण्याच्या टाक्या, प्रोपेन गॅस आणि बॅटऱ्या हे सारे एका लांबट खोलीएवढ्या जागेत बसवलेले असते. त्यामुळे येथे एका यंत्रणेतील बिघाड दुसरीपर्यंत लगेच पोहोचतो. वीज गेली की हवा तापते, टाकी तुंबली की घरभर दुर्गंधी सुटते. माणूस अशा वेळी दार उघडून बाहेर पडतो. मांजराला ती सोय नसते, म्हणून आरव्हीतील प्रत्येक व्यवस्था मांजराच्या बाजूनेही तपासावी लागते.

प्रदेश आणि गंध

लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन ट्रकवरच्या लहानशा घरातून अमेरिकाभर फिरले. कुत्र्याला सोबत माणूस असला की बहुधा पुरते. मांजराचे तसे नसते. पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करते आणि आपला इलाखा राखून असते. ओळखीच्या जागेची ही ओढ पाळीव मांजरातही टिकून आहे. गाल, हनुवटी आणि पंजे यांतील ग्रंथींचा स्राव वस्तूंना लावून ते आपली जागा निश्चित करते. दाराच्या चौकटीवर गाल घासणारे मांजर तेथे गंधाची खूण ठेवत असते.

हॉटेलात प्रत्येक मुक्कामी या सर्व खुणा नाहीशा होतात. आरव्हीत मात्र खिडकीबाहेरचे दृश्य तेवढे बदलते, आतला गंध कायम राहतो. हाच या निवासाचा सर्वांत मोठा फायदा आहे. अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक भूमीवर एका ठिकाणी सलग १४ दिवसांपर्यंतच मुक्काम करता येतो. म्हणजे पूर्णवेळ फिरणाऱ्यांना दर पंधरवड्याला तळ हलवावा लागतो. अशा जीवनात मांजराची वाटी, अंथरूण आणि लिटर (मलमूत्रासाठीची माती) यांच्या जागा बदलू नयेत आणि सगळी अंथरुणे एकाच दिवशी धुऊ नयेत. मूळ घर सोडण्यापूर्वी काही आठवडे उभ्या वाहनातच मांजराला खाऊ-पिऊ घालणे हिताचे ठरते. त्या काळात इंजिनाचा आवाजही हळूहळू परिचयाचा होतो. आत जमीन थोडी असली तरी उंची असते. खिडक्यांच्या वर फळ्या बसवल्या तर मांजराचा वावर बराच वाढतो, आणि उंचावरून पाहणे त्याला मुळातच आवडते.

चालत्या वाहनात

मोकळे सोडलेले घाबरलेले मांजर ब्रेकच्या पायपट्टीखाली शिरू शकते. म्हणून प्रवासात त्याची जागा पट्ट्याने घट्ट बांधलेल्या पिंजऱ्यात. ट्रेलर असेल तर हा पिंजरा ओढणाऱ्या वाहनात ठेवावा. चालत्या ट्रेलरमध्ये माणसांनी बसण्यास अनेक राज्यांत मनाई आहे, आणि जे कारण माणसाला तेच मांजराला लागू पडते. मांजरांनाही गाडी लागते: आधी लाळ गळते, मग ओरडणे, मग उलटी. निघण्यापूर्वी काही तास पोट रिकामे ठेवल्यास त्रास कमी होतो. भीती फार असेल तर पशुवैद्य औषध देतात. प्रवासात मांजरांना वाटणाऱ्या तीव्र भीतीसाठी प्रीगॅबलिन या पातळ औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली मान्यता दिली.

सरकती भिंत

अनेक आरव्हींत मुक्कामी पोहोचल्यावर बटण दाबून भिंतीचा एक भाग बाहेर सरकवता येतो. त्याला स्लाइड-आउट म्हणतात. सोफा किंवा जेवणाचे टेबल त्या भागासह बाहेर जाते आणि मधली जागा मोकळी होते. निघताना तोच भाग मोटरच्या जोराने आत येतो. भिंत बाहेर असताना तिच्या कडेला आणि खाली अरुंद पोकळी तयार होते. अंधारी, उबदार आणि माणसाचा हात न पोहोचणारी अशी ती जागा लपायला मांजराला नेमकी सोयीची वाटते. त्याच पोकळीत भिंत परतते. म्हणून बटणाला हात लावण्यापूर्वी मांजर पिंजऱ्यात आहे हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक असते. ‘मघाशी पलंगावर होते’ एवढी माहिती पुरत नाही. ओट्याखालच्या नळांच्या छिद्रांतून वाहनाच्या तळाशी जाण्याचे मार्गही आधीच फळीने किंवा जाळीने बंद करावेत.

तापमान आणि वीज

मांजराचे शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. बाहेर २१ अंशांचे सुखद हवामान असले तरी उन्हात उभ्या बंद मोटारीत अर्ध्या तासात तापमान ४० अंशांजवळ जाऊ शकते. आरव्ही मोठी असल्याने थोडी सावकाश तापते, इतकाच फरक. छतावरचा वातानुकूलक हा उपाय, पण तो कॅम्पग्राउंडच्या विजेवर चालतो. ३० अँपिअरच्या जोडणीतून १२० व्होल्टवर कमाल ३६०० वॉट मिळतात. वातानुकूलक सुरू असताना पाणी तापवण्याचा हीटर आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालले, तर भार वाढून विजेचा पुरवठा तुटतो. मालक बाहेर असेल तर हे त्याला कळतही नाही. मोबाइल जाळ्यावरून इशारा देणारे तापमापक मिळतात; मात्र जेथे रेंज नाही तेथे ते निरुपयोगी, आणि सुंदर मुक्काम बहुधा तेथेच असतात. त्यामुळे उन्हाळ्यात मांजराला एकटे ठेवून दिवसभराच्या पदभ्रमणाला जाणे धोक्याचेच राहते.

लिटर

गोळे होणारे लिटर बहुधा बेंटोनाइट मातीचे असते. ओलावा लागताच ती फुगते, म्हणून शौचालयात टाकल्यास मैलाटाकीत तिचा थर जमतो. विष्ठेतून पसरणारा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी तर सांडपाण्यातून समुद्रापर्यंत पोहोचतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील समुद्री ऊदमांजरे त्याने दगावलेली आहेत. वापरलेले लिटर पिशवीत बांधून कचऱ्यातच टाकावे. पसारा आवरण्यासाठी पुष्कळजण टेबलाच्या बाकाखालच्या कप्प्याला गोल भोक पाडून आत ट्रे ठेवतात.

विषारी द्रव्ये

इंजिनाच्या शीतकातील एथिलीन ग्लायकॉल थोडेसे चाटले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होते. थंडीत नळ गोठू नयेत म्हणून वापरला जाणारा गुलाबी द्रव बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. तो तुलनेने सौम्य, पण निर्धोक नव्हे: मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना त्याने इजा होते, म्हणून अमेरिकेत मांजरांच्या खाद्यात तो वापरण्यास बंदी आहे. गोचिडांपासून बचावासाठी कपड्यांवर फवारले जाणारे परमेथ्रिन माणसाला व कुत्र्याला चालते, पण ते ओले असताना मांजराला विषासमान ठरते.

बाहेरचे जग

पश्चिमेकडील वाळवंटात कायोटी आणि मोठी घुबडे मांजराची शिकार करतात. याहून सूक्ष्म धोका प्लेग पसरवणाऱ्या पिसवांचा. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात पोहोचलेल्या प्लेगच्या साथीनेच १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्को गाठले. तेथून तो जंतू रानटी खारी-उंदरांत शिरला आणि न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो या राज्यांत आजही आढळतो. मांजरे त्याला लवकर बळी पडतात आणि माणसालाही संसर्ग देऊ शकतात. दक्षिण-मध्य राज्यांत गोचिडांमुळे सायटॉक्सझूनोसिस हा घातक रक्तविकार होतो. म्हणून पिसवा-गोचिडांवरचे मांजरांसाठीचे औषध वर्षभर चालू ठेवावे आणि मांजराला हार्नेस व दोरीशिवाय बाहेर नेऊ नये. राष्ट्रीय उद्यानांत सहा फुटांपेक्षा लांब दोरी चालत नाही.

ओळख आणि कागदपत्रे

कातडीखालची मायक्रोचिप हरवलेल्या मांजराची ओळख पटवते, ठावठिकाणा सांगत नाही. त्यासाठी गळपट्ट्यावर जीपीएस लागतो. चिपशी जोडलेला फोन क्रमांक अद्ययावत हवा, कारण फिरत्या कुटुंबाचा पत्ता कामाचा नसतो. तीन महिन्यांवरील मांजर कॅनडात नेताना रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते.

आजार आणि अंतर

ताणामुळे मांजरांना मूत्राशयाचा दाह होतो आणि स्थलांतर हा ताणच असतो. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने त्याची लघवी तुंबू शकते. वारंवार लिटरमध्ये बसणे, कण्हणे आणि थेंबही न येणे ही लक्षणे दिसली की एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. ओले खाद्य आणि भरपूर पाणी यांनी ही शक्यता घटते, पण संपत नाही. नेवाडा किंवा मोंटानासारख्या विरळ वस्तीच्या राज्यांत रात्री उघडा असलेला पशुवैद्यकीय दवाखाना कित्येक तासांच्या अंतरावर असू शकतो. त्यामुळे पूर्वी असा त्रास झालेल्या बोक्याला घेऊन निघताना मुक्कामांची निवड दवाखान्यांच्या नकाशावरून करावी लागते.