दवाखान्याचा खड्डा अन् गावची विहीर : नियम काय म्हणतो?

शिरपामाळ (जव्हार) : दवाखान्यात बाळंतपण झालं की वार कुठे जाते? रक्ताचा कापूस, वापरलेली सुई? जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न थेट पिण्याच्या पाण्याशी येऊन भिडतो.

यासाठी केंद्र सरकारचे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आहेत. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्राची सेवा मिळत असेल, तर दवाखान्याने स्वतःची सोय उभारायची नाही, कचरा तिकडेच द्यायचा. जिथे ही सेवा पोहोचतच नाही अशा दुर्गम भागात वार वगैरे खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा आहे. तीही प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी मंजुरी घेऊनच. नुसता जेसीबी बोलावून खड्डा मारला, असं चालत नाही.

खड्डा सुमारे २ मीटर खोल हवा. प्रत्येक वेळी कचरा टाकला की वर १० सेंटिमीटर मातीचा थर. अर्धा भरला की चुना, मग माती. तोंडावर पत्रा किंवा जाळी, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. वस्ती लांब, जवळ उथळ विहीर नको, जागा पुराची किंवा माती वाहून जाणारी नको.

सगळ्यात महत्त्वाची अट पाण्याची. खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान ६ मीटर खाली पाहिजे. म्हणजे जमिनीपासून ८ मीटर, साधारण २६ फूट. आता मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा मोजलं तर कुठलीही जागा पास होईल! खरी परीक्षा भर पावसाळ्यात, विहीर तुडुंब असताना. शिरपामाळावर उभं राहिलं की उतार डोळ्यांना दिसतो. वर मुरलेलं पाणी खालच्या पाड्याकडेच जाणार.

सुया या खड्ड्यात टाकायच्या नाहीत. त्या न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात जमा करायच्या. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरसारख्या यंत्रात, वाफेवर निर्जंतुक करून तुकडे केल्यावर सिमेंटच्या वेगळ्या खड्ड्यात टाकता येतात. साध्या ऑटोक्लेव्हला १२१ अंश तापमानात किमान ६० मिनिटं लागतात. वीज गेली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजणं शहाणपणाचं.

खड्ड्याची मंजुरी आणि पुरलेल्या कचऱ्याची नोंद दवाखान्याकडे असायलाच हवी. ग्रामसभेत ही दोन्ही कागदं मागता येतात. उत्तर नाही मिळालं तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यायला विसरू नये.